अष्टपैलू खेळाडू : पहिला की राखीव?

खेळाच्या मैदानावर असा एक वाद आहे की ज्याचा निकाल पंचाच्या शिट्टीने लागत नाही. चढाईत अव्वल कोण, हे गुणफलक सांगतो. पकडीत अव्वल कोण, हेही गुणफलकच सांगतो. पण जो चढाईलाही जातो, कोपराही सांभाळतो आणि कोणी दुखापत होऊन बसला तर त्याची जागाही घेतो, अशा खेळाडूला संघात कितवा क्रमांक द्यायचा? कोणी म्हणेल पहिला, कोणी म्हणेल सातवा, कोणी म्हणेल राखीव. तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य असते. म्हणूनच हा वाद पारावर सुरू होतो आणि रात्री घरी जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

आमच्या पोखर्णीत सध्या हाच वाद रंगला आहे. परभणी-परळी रेल्वेमार्गावरचे आमचे हे गाव बाहेरच्यांना नृसिंहाच्या मंदिरामुळे ठाऊक आहे. गावच्या पोरांना मात्र ते कबड्डीच्या मैदानामुळे आपले वाटते. गावातील एक मुलगा शहरातील एका महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चढाईला जातो आणि परत आला की डाव्या कोपऱ्यावर उभा राहतो. महाविद्यालयाच्या संघात त्याला राखीव ठेवले. कारण असे सांगितले गेले की चढाईत त्याच्यापेक्षा दोघे सरस आहेत, कोपऱ्यावर एक सरस आहे, मग याला ठेवायचा कोठे? अर्जावर 'चढाईपटू की बचावपटू' असा एकच रकाना होता. त्याने दोन्ही लिहिले. ज्याने दोन्ही लिहिले त्याच्या वाट्याला बाक आला!

गावात दोन तट पडले. एक तट म्हणतो, हा अन्याय आहे. दुसरा तट म्हणतो, 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण उगीच पडलेली नाही. दोन्ही बाजूंनी आम्हाला मत विचारले गेले. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. त्यामुळे हा प्रश्न आम्ही भावनेने न पाहता जमाखर्चाच्या वहीसारखा मांडून पाहायचे ठरवले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

सातच जागा

प्रथम खेळाची रीत लक्षात घेऊ. कबड्डीत एका वेळी मैदानावर सातच खेळाडू. चढाई ३० सेकंदांची. चढाईपटू बाद झाला की बाहेर बसतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की पुन्हा आत येतो. सगळे बाद झाले की लोण, आणि समोरच्या संघाला दोन गुण जास्तीचे. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड साधली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. त्याला वर्तमानपत्रवाले 'अव्वल पकड' म्हणतात. व्यावसायिक कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद.

आता विचार करा. सातही जण मैदानात असताना ज्याला त्याला आपापले काम वाटून देता येते. पण चौघे बाद होऊन तिघेच उरले आहेत, समोरून चढाई येणार आहे आणि ती संपली की आपल्यालाही चढाईला जायचे आहे. अशा वेळी त्या तिघांत केवळ चढाई जाणणारे दोघे असतील तर कोपरा उघडा पडतो. केवळ पकड जाणणारे तिघे असतील तर चढाईला कोण जाणार? ज्याला दोन्ही येते तो खेळाडू याच घडीला दोन माणसांचा होतो. आणि कबड्डीचे सामने बहुधा याच घडीला फिरतात.

म्हणून आमचा पहिला मुद्दा असा की अष्टपैलू खेळाडूची किंमत सामन्यात सर्व वेळ सारखी नसते. माणसे पुरेशी असताना ती कमी दिसते, माणसे कमी पडली की वाढते. निवड मात्र बहुधा पुरेशी माणसे समोर उभी असतानाच होते. रांगेत पंचवीस मुले उभी करून प्रत्येक कामाचा एकेक उत्तम निवडला, तर अष्टपैलू मागे राहणारच.

बेरीज कोणाशी करायची?

आता हिशेब. समजा, एक चढाईपटू सामन्याला सरासरी ८ गुण आणतो. आपला अष्टपैलू चढाईत ५ आणि पकडीत २, असे ७ आणतो. साधी बेरीज केली तर ७ हे ८ पेक्षा कमी. म्हणून तो दुसरा. पुढे पकडीच्या रकान्यात पाहिले तर तेथे ४ गुण आणणारा कोपरारक्षक आहे आणि आपल्या मुलाचे २. तेथेही तो मागे. दोन्ही रकान्यांत मागे पडला म्हणून राखीव!

आमच्या मते चूक येथेच होते. त्याची तुलना पहिल्या चढाईपटूशी करायचीच नाही, कारण तो चढाईपटू संघात राहणारच आहे. तुलना करायची ती याला काढल्यावर जो आत येईल त्याच्याशी. तो जर पकडीत ३ गुण आणणारा आणि चढाईला न जाणारा असेल, तर हिशेब ७ विरुद्ध ३ असा होतो. वर त्या न गेलेल्या चढायांचे ओझे पहिल्या चढाईपटूवर पडते. तो दमतो, बाद होतो आणि त्याचेही ८ चे ६ होतात. म्हणजे एक माणूस बदलला आणि दोन खात्यांत तूट आली. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण कोणत्याही मंडळाने आपल्या वहीत आपले आकडे घालून पाहावेत.

याला दुसरी बाजूही आहे, आणि जमेच्या बाजूइतकीच ती नीट लिहिली पाहिजे. जो दोन कामे करतो तो बाद झाला की दोन कामे एकदम बंद पडतात. चढाईला जाणारा जास्त वेळा बाद होतो, म्हणजे कोपरा जास्त वेळा रिकामा राहतो. चढाई करून धापा टाकत परतलेला गडी लगेच घोट्याची पकड करायला खाली वाकतो तेव्हा अर्ध्या क्षणाचा उशीर होतो, आणि त्या अर्ध्या क्षणात समोरचा मध्यरेषा गाठतो. महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांनी हा विचार केला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. मात्र तो विचार केला होता की नुसताच रकाना पाहिला होता, एवढा प्रश्न विचारण्याचा अधिकार मुलाला आहे.

चढाईत पहिला नाही, पकडीत पहिला नाही, तरी सर्वांत मोलाचा

हा वाद पोखर्णीपुरता नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झाला. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार होता आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार.

त्या हंगामाची बक्षिसे पाहण्यासारखी आहेत. चढाईत सर्वाधिक गुण दिल्लीच्या आशू मलिकचे, २७६. पकडीत सर्वाधिक गुण पुण्याच्याच इराणी खेळाडूचे, मोहम्मदरेझा शादलूचे, ९९. पण हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून गौरव झाला तो अस्लम इनामदारचा. तो चढाईच्या यादीत पहिला नव्हता, पकडीच्या यादीतही पहिला नव्हता. चढाईचे गुण, वेळप्रसंगी पकड आणि संघ हाताळण्याची जबाबदारी, हे तिन्ही एका माणसात होते. रकान्यांची यादी एक सांगते आणि खेळाचा एकूण हिशेब दुसरे सांगतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला महाराष्ट्रात दिसत नाही.

शादलूचेच पाहा. लिलावात त्याची नोंद अष्टपैलू म्हणून होते. दहाव्या हंगामासाठी पुण्याने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि पुणे जिंकले. अकराव्या हंगामासाठी हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतले आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पाटण्याला ३२-२३ असे हरवून हरियाणाही प्रथमच जिंकले. आता यावरून अष्टपैलू घेतला की विजेतेपद ठरलेले, असे कोणी म्हणेल. तर तेही खरे नाही. बाराव्या हंगामासाठी तो २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला आणि विजेतेपद गेले दिल्लीकडे. माणूस तोच, किंमतही जवळपास तीच. म्हणजे अष्टपैलूची किंमत त्याच्या भोवतीच्या सहा जणांवरही अवलंबून असते. सहा जण कच्चे असले तर त्याचे सगळे कसब भोके बुजवण्यात जाते.

आणखी एक बारीक गोष्ट. शादलूला अष्टपैलू म्हटले तरी त्याची कोपऱ्यावरची पकड पहिल्या प्रतीची आहे, चढाई ही त्यावरची भर. अस्लमची चढाई पहिल्या प्रतीची, पकड ही भर. दोघांचाही एक पाय घट्ट रोवलेला आहे आणि दुसरा मोकळा आहे. दोन्ही पाय मोकळे असतील तर माणूस पडतो. आमच्या गावातील दुसऱ्या तटाने जी म्हण सांगितली ती अशा दोन्ही पाय मोकळे असणाऱ्यांना लागू आहे, सगळ्यांना नाही.

समुद्रापलीकडेही हाच वाद

अमेरिकेतील फुटबॉल हा आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा खेळ. चेंडू हातात घेऊन धावायचे, अंगावर येणाऱ्याला अडवायचे, असा तो धसमुसळा प्रकार. तेथे आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असतात. चेंडूचा ताबा बदलला की सगळा संच बाहेर जातो आणि दुसरा आत येतो. अशा खेळात कोलोरॅडो विद्यापीठाचा ट्रॅव्हिस हंटर हा विद्यार्थी दोन्ही संचांत खेळला. २०२४ च्या हंगामात चेंडू झेलणाऱ्यांतील सर्वोत्तम आणि बचावातील सर्वोत्तम, असे दोन्ही मान त्याला मिळाले. त्यावर हाइझमन करंडक, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मान, हाही त्यालाच मिळाला. दुसरा आला अ‍ॅश्टन जेंटी. तो एकाच कामात, चेंडू घेऊन धावण्यात, विलक्षण होता. तेथील लोकांत महिनोन्महिने वाद झाला तो हाच : एकाच कामातला विलक्षण मोठा, की दोन कामांतला उत्तम मोठा?

पुढे व्यावसायिक संघांची निवड झाली तेव्हा जॅक्सनव्हिलच्या संघाने पाचव्या स्थानावरून दुसऱ्या स्थानावर येण्यासाठी पुढच्या वर्षाचा आपला पहिल्या फेरीचा हक्क देऊन टाकला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये हंटरला घेतले. एवढी किंमत मोजली. पण सात सामने झाल्यावर सरावात गुडघा दुखावला आणि त्याचा पहिला हंगाम तेथेच संपला. दोन कामांमुळेच गुडघा गेला असे म्हणणे घाईचे होईल, कारण एकच काम करणाऱ्यांचेही गुडघे जातात. पण एक माणूस जायबंदी झाला आणि संघाच्या दोन जागा रिकाम्या झाल्या, एवढे खरे. खर्चाची बाजू तेथेही सुटली नाही.

क्रिकेटमध्ये विनू मांकड यांचे उदाहरण आहे. कसोटीत ते पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर फलंदाजीला गेले. ज्याला कोठेही पाठवता येते त्याला खरोखरच कोठेही पाठवले जाते! १९५२ साली इंग्लंडला जाणाऱ्या संघात त्यांना घेतले गेले नव्हते. ते तेथे लीग क्रिकेट खेळत होते. पहिल्या कसोटीत आपल्या संघाची दुसऱ्या डावात ४ बाद ० अशी दैना झाली, तेव्हा लॉर्ड्सच्या कसोटीसाठी त्यांना बोलावणे गेले. तेथे त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून ५ बळी घेतले. सामना इंग्लंडने जिंकला, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो मांकड यांचा खेळ. संघ सुस्थितीत असताना जो नकोसा होता, तोच संघ अडचणीत आल्यावर हवा झाला. आमच्या पहिल्या मुद्द्याला याहून मोठी साक्ष कोणती?

ज्याच्या हाती बॅटच दिली नाही

येथवर खेळाडूच्या अंगातील गुणांबद्दल बोललो. पण गुण अंगात असणे आणि तो दाखवण्याची संधी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या वाचकांना पालवणकर बाळू हे नाव नवीन नाही. चर्मकार समाजातील हा तरुण पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदानाची निगा राखत होता. साहेबांना सराव हवा म्हणून त्याच्या हाती चेंडू दिला गेला. तासन्‌तास त्याने गोलंदाजी केली आणि त्यातून एक अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. पण त्या सरावात त्याच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची!

बाळूंनी प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी घेतले, तेही प्रत्येकी सुमारे १५ धावांच्या सरासरीने. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळे सामने धरून शंभरावर बळी एकट्याचे. त्यांना आपण एका कामाचा तज्ज्ञ म्हणतो. पण हे तज्ज्ञपण निवडीचे होते की नाइलाजाचे? वयाच्या विशीत हाती बॅट मिळाली असती तर ते कोण झाले असते, हे कोणत्याही गुणफलकावरून काढता येत नाही.

मैदानावर ज्यांच्याबरोबर खेळायचे त्यांच्यापासून दूर, तंबूबाहेर मातीच्या कपात चहा, अशी त्या काळची रीत होती. बळी मोजले गेले, कर्णधारपद मात्र दिले गेले नाही. १९२० साली बाळूंना संघातून वगळले आणि कर्णधारपदाच्या बाबतीत विठ्ठल यांनाही डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अखेर १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि चौरंगी स्पर्धा त्यांच्या संघाने जिंकली. पुढच्या तीन वर्षांत आणखी दोनदा जिंकली. म्हणजे ज्या गुणाचा रकानाच या घराण्यासाठी बंद होता, तो गुण घरात होताच.

बाळू १९३२ च्या पुणे कराराचे एक सहीकर्ते होते, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत डॉ. बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले, हेही वाचकांस ठाऊक आहे. राजकारणाचे खाते वेगळे आणि खेळाचे वेगळे. एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करू नये, हा जमाखर्चाचा पहिला धडा आहे. गोलंदाज म्हणून बाळूंचा दर्जा तेवढाच उंच राहतो.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की आमच्या गावातील मुलगा अष्टपैलू झाला तोही काही हौसेने नव्हे. शहरात शाळेला प्रशिक्षक असतो. मुले पन्नास असतात. बारा वर्षांच्या मुलाला सांगितले जाते, तू उजवा कोपरा. तो सहा वर्षे उजवा कोपराच खेळतो. खेड्यात संध्याकाळी नऊ मुले जमतात. त्यातले दोघे सोयाबीनच्या काढणीला गेलेले असतात, एकाला म्हशी सोडायच्या असतात. उरलेल्या सहा जणांत जो आहे तो सगळे करतो. बाळू तज्ज्ञ झाले ते संधी नाकारल्यामुळे, आणि हा अष्टपैलू झाला तो माणसे कमी असल्यामुळे. दोन्हीकडे खेळाडूचा दर्जा ठरवताना तो कोणत्या परिस्थितीतून आला हे पाहावे लागते. दया म्हणून नव्हे. अशा मुलाला सहा महिने एका जागेवर नीट शिकवले तर तो किती वर जाईल, याचा अंदाज त्याशिवाय बांधताच येत नाही.

घरातील अष्टपैलू

आमच्या भगिनींना हा वाद समजायला कबड्डीची गरज नाही. घरातील बाई स्वयंपाक करते, निंदायला-वेचायला जाते, मुलांचा अभ्यास घेते, आजारी सासूचे औषधपाणी पाहते आणि बचत गटाचा हप्ताही तीच भरते. तिला 'काय करता?' असे विचारले तर उत्तर येते, 'काही नाही, घरीच असते.' प्रत्येक कामात तिच्याहून सरस कोणी ना कोणी दाखवता येईल. पण ती चार दिवस माहेरी गेली की घराचा हिशेब कळतो. कार्यालयातही तसेच. आवक-जावक, रोकडवही, टंकलेखन, सगळी टेबले ज्याला येतात तो कारकून रजेवर गेलेल्या प्रत्येकाच्या खुर्चीत बसतो, आणि वर्षअखेरीच्या अहवालात त्याचा शेरा 'साधारण' असतो. सर्वत्र उपयोगी पडणारा कोठेच मोजला जात नाही, ही रीत मैदानापुरती नाही.

खो-खोमध्ये ही अडचण कमी आहे. तेथे बहुतेकांना पाठलागही करावा लागतो आणि पळतीही करावी लागते. म्हणून आक्रमण, संरक्षण आणि अष्टपैलू अशी तीन वेगळी बक्षिसे देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले, तेव्हा कर्णधार होती आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याची प्रियांका इंगळे. अष्टपैलूपणासाठी स्वतंत्र रकाना ठेवता येतो हे खो-खोने दाखवले आहे. मग कबड्डीच्या निवड-अर्जावर तो का नसावा?

आमचा कौल

आता गावातील वादाचा निकाल. पहिला तट म्हणतो हा मुलगा संघात पहिला. आम्ही तसे म्हणत नाही. गुण आणणारा पहिला चढाईपटू आणि सर्वात भरवशाचा कोपरारक्षक हे दोघे त्याच्या वर राहतील, आणि राहावेत. एका कामात आयुष्य घालणाऱ्याचाही मान राखला पाहिजे. दुसरा तट म्हणतो राखीव. तेही आम्हास मान्य नाही. सातांत तिसरा क्रमांक त्याचा, असा आमचा कौल आहे. मात्र एक अट आहे. त्याने दोनपैकी एक काम, आमच्या मते डावा कोपरा, एवढे पक्के करावे की केवळ त्या कामावरही तो सातांत बसेल. चढाई ही त्यावरची भर राहू द्यावी.

हा कौल केवळ मानापमानाचा नाही. महाविद्यालयाच्या संघातून विद्यापीठाच्या संघात, तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत, असा रस्ता असतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक खेळांतील ठरावीक पातळीच्या स्पर्धांनाच लागू होते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून व्हावी लागते. गल्लीतील दहा ढाली तेथे कामास येत नाहीत. बाकावर बसून गेलेले वर्ष परत मिळत नाही, आणि शेतमजुराच्या घराला मुलाचे एक वर्ष फार महाग पडते.

म्हणून पालकांना आणि तरुण मंडळांना आमचे सांगणे थोडक्यात असे :

पहिले, मंडळाने दोनशे पानी वही घालावी. प्रत्येक सामन्यात प्रत्येक खेळाडूच्या चढाया किती, यशस्वी किती, रिकाम्या किती, पकडीचे प्रयत्न किती, फसलेले किती, हे लिहावे. तो मैदानावर असताना संघाने किती गुण मिळवले व किती दिले, आणि तो बाहेर असताना किती, हेही लिहावे. शेवटचे दोन आकडे अष्टपैलूची खरी साक्ष देतात. सातवी-आठवीतील मुलगीसुद्धा ही वही ठेवू शकते, आणि ठेवता ठेवता तिचे गणितही सुधारते.

दुसरे, निवडीच्या वेळी मुलाने 'मला सगळे येते' असे सांगू नये. 'माझी मुख्य जागा डावा कोपरा, त्याखेरीज सामन्यात इतक्या चढाया करतो, हे आकडे' असे सांगावे. सगळे येते म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वहीवर ठेवतात.

तिसरे, प्रशिक्षकांना प्रश्न विचारावा, पण भांडणाच्या सुरात नव्हे. 'याला काढून कोणाला घेतले, आणि त्यामुळे चढाया कोण करणार?' एवढाच प्रश्न पुरे. चांगला प्रशिक्षक त्याचे उत्तर देईल. ज्याने विचारच केला नव्हता तो विचार करू लागेल.

चौथे, प्रमाणपत्र मिळाले त्याच आठवड्यात त्याच्या सत्यप्रती काढून ठेवाव्यात. स्पर्धेचे पूर्ण नाव, वर्ष, स्थळ आणि सही-शिक्का नीट आहे की नाही हे तेथल्या तेथे पाहावे. पुढे पाच वर्षांनी दुरुस्तीसाठी कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात, हे आम्ही कारकून असल्यामुळे जवळून पाहिले आहे.

पुढील निवडचाचणीपर्यंत वहीत निदान वीस सामने तरी जमावेत, अशा बेताने आमच्या गावची मुले आता कामाला लागली आहेत. इतर गावांच्या मंडळांनीही आपापली वही उघडावी. रकाना नसेल तर आपण आखून घ्यावा.